उशिराचा पान्हा

सावरीचा कापूस उडायला लागला की मी गॅलरीचं दार लावून घेते. घरातल्यांना वाटतं, मला दम्याचा त्रास होतो म्हणून. मुलगा वैतागतो, "आई, एवढ्या उकाड्यात दार काय लावतेस गं?" सून पंखा वाढवते. चैत्र सरता सरता बोरिवलीला डोंगराकडच्या बाजूला सावरीची बोंडं तडकतात आणि दुपारच्या वाऱ्यावर ते पांढरे पुंजके खाली येतात. आता मध्ये वीस-वीस मजली इमारती झाल्या, तरी त्यांना वाट सापडतेच. एखादा पुंजका काचेवर येऊन टेकतो, जरा थरथरतो आणि पुढे निघून जातो. तेवढा वेळ मी हातातलं काम थांबवते.

त्र्याऐंशी साली इथे असलं काही नव्हतं. आमची इमारत तीन मजली, आम्ही पहिल्या मजल्यावर. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे गवताचं रान, आणि मग थेट डोंगर. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. हे अंधेरीला एका कारखान्यात लेथवर होते. सासरे गिरणीत होते म्हणे, पण मी यायच्या आधीच ते गेले होते. घरात आम्ही तिघंच. सासूबाई देवगडकडच्या; तीस वर्षं मुंबईत काढूनही त्यांची बोली गावचीच राहिली होती. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी चेंबूरला व्हायचं ते सासरीच करायचं ठरलं. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. ते म्हणणं सुरुवातीला नुसतं म्हणण्यापुरतं होतं.

मला सातवा लागला तेव्हा सावर फुलांनी लालभडक झाली होती. झाडावर पान म्हणून नाही, नुसती फुलं, आणि त्यांवर साळुंक्या, कावळे, पोपट यांचा दिवसभर बाजार. आई गॅलरीत बसून तांदूळ निवडता निवडता ते बघायची. "एका झाडान किती जणांका पोसल्यान बघ," म्हणायची. बोंडं धरली, ती तडकायला लागली, तशी ती दुपारी मागच्या रानात जाऊन लुगड्याच्या ओच्यात कापूस गोळा करून आणू लागली. एकेक बी वेगळं काढायचं, मग कापूस पिंजून उशीत भरायचा. सावरीच्या उशीनं बाळाच्या डोक्याला गारवा राहतो, असं तिचं म्हणणं.

उशी अर्धी भरली असताना मला कळा सुरू झाल्या. आठवा महिना होता.

मुलगी झाली. एवढीशी. मांजराच्या पिल्लाइतकी, असं मीच मनात म्हटलं आणि लगेच त्या म्हणण्याची मला भीती वाटली. बारा दिवस आम्ही पालिकेच्या हॉस्पिटलात होतो. तिला काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि मी पेटीपाशी स्टुलावर. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. सोडताना म्हणाल्या, "दर दोन तासांनी पाजायचं. ओढेल हळूहळू. अंगाशी धरून ठेव तिला, तुझी ऊब हीच तिची पेटी."

पण तिला ओढता येत नव्हतं. तोंड लावायची, दोनदा ओठ हलवायची आणि दमून झोपायची. तिनं ओढलं नाही म्हणून मला दूध सुटेना, आणि दूध सुटेना म्हणून तिला ओढायला काही मिळेना. आईनं सगळं केलं. अळिवाची खीर, शेपूची भाजी, लसूण घातलेली पेज, डिंकाचे लाडू. मी सगळं गिळत होते. पिळून पिळून वाटीच्या तळाला काय साचायचं, तर देवाला तीर्थ ठेवतात तेवढं. मग गाईचं दूध पाणी घालून उकळायचं, चांदीच्या बोंडल्यात घालायचं आणि त्याची चोच तिच्या ओठांत ठेवून थेंब थेंब सोडायचा. ह्यांच्या लहानपणचं बोंडलं होतं ते. निम्मं दूध गालावरून ओघळायचं.

आम्ही हॉस्पिटलात होतो तेवढ्यात गॅलरीत एक बिऱ्हाड आलं होतं. कपड्यांचे चिमटे ठेवायची वेताची टोपली खिळ्याला टांगलेली असायची, तिच्यात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. मी घरी आले त्या दिवशीच आईनं मला ते दाखवलं. स्वतः ती कपडे दोरीला गाठी मारून वाळत घालू लागली होती.

"बाळंतीण आसा ती," ती ह्यांना म्हणाली. "टोपलीक हात लावू नको हां."

हे हसले. मला आठवतं, कारण त्यानंतर बरेच महिने मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटली. तीन पिल्लं. आईनं माझं अंथरूण गॅलरीच्या दाराशी आणून घातलं. म्हणजे मी मुलीला छातीशी धरून आडवी झाले की समोर टोपली. नुसत्या तीन चोची दिसायच्या, आतून लालबुंद. आई-बाप दोघंही येत, किडा नाहीतर पिकलेलं फळ एखाद्या चोचीत कोंबत, आणि भुर्र. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्यांना उसंत नसायची.

"बघ गो सुमन," आई माझ्या पायाला तेल चोळत म्हणायची. "त्येंच्या घरात काय साठवलेला आसा? कायव नाय. तरी मिळता ना? चोच दिल्यान तो चारो देतलोच. तुकाव देतलो."

दिवसातून तीन-चार वेळा तरी हे वाक्य यायचं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? तिच्या तोंडून ते ऐकलं की तेवढ्यापुरतं छातीत काही भरून आल्यासारखं व्हायचं, आणि मला वाटायचं, आलं, आता येईल. मी डोळे मिटून त्या बुलबुलांच्या देवाला हात जोडायचे. माझ्या देव्हाऱ्यातला देव मला त्या दिवसांत दूरचा वाटत होता. हा समोर काम करताना दिसत होता.

पण दिवसभर आडवं पडून बघत राहिलं की जे बघायचं नाही तेही दिसतं. तिसरं पिल्लू बारीक होतं. बहुतेक एक दिवस उशिरा फुटलेलं. मोठी दोघं त्याच्या अंगावर पाय देऊन उंच व्हायची, मोठ्यानं चिरकायची. पक्षीण यायची आणि जी चोच सगळ्यांत पुढे, सगळ्यांत रुंद, तिच्यात घास टाकायची. तिसऱ्याची चोच खालून उघडायची, मिटायची. एका सकाळी मी मोजलं. अठरा खेपांत त्याला एकदा मिळालं.

मी आईला म्हटलं, "आई, ती धाकट्याला देत नाही."

"देतली गो. पोटचा पोर ता. उपाशी ठेवीत काय?"

"नाही देत. मी बघतेय ना."

"तू बघूच नको तसा," ती म्हणाली आणि माझं अंथरूण उगाचच झटकू लागली.

पुढे तीन-चार दिवसांनी सकाळी मला जाग आली ती झाडूच्या आवाजानं. इतक्या लवकर आई कधी गॅलरी झाडत नसे. मी कुशीवर वळले. तिनं वाकून काहीतरी उचललं, पदराच्या टोकात गुंडाळलं आणि माझ्याकडे पाठ करून आत गेली. टोपलीत दोनच चोची होत्या, आणि त्या व्यवस्थित जेवत होत्या.

त्या दिवशी मुलीनं बोंडल्यातलं दूधही आत घेतलं नाही. आई नेहमीच्या सवयीनं "देतलो गो, तो देतलो" असं पुटपुटली आणि माझा तोल गेला.

"तुमचा देव जो मोठ्यानं ओरडतो त्यालाच देतो," मी म्हटलं. "हिला ओरडता येत नाही, आई. हिला साधं रडतासुद्धा येत नाही."

आयुष्यात मी तिला उलटून बोलले ते तेवढंच. ती बोंडलं हातात घेऊन मोरीकडे गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं.

परत हॉस्पिटल झालं. तिथे सुई लावायला शीर सापडेना. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला घेतलं आणि मग आम्हाला घरी पाठवलं. मला कोणी काही सांगितलं नाही, आणि मला काही विचारायचंही नव्हतं. घरी आलो तेव्हा गॅलरीत दंगा चालला होता. दोन्ही पिल्लं टोपलीच्या काठावर बसून पंख फडफडवत होती. संध्याकाळपर्यंत एक कठड्यावर गेलं, मग भिंतीवर, मग दोन्ही रानात.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मी मांडीवर घेऊन बसले होते. दार सताड उघडं, वारा सुटलेला, आणि घरभर सावरीचा कापूस फिरत होता. जमिनीवर, देव्हाऱ्यावर, माझ्या पदरावर. एक पुंजका तिच्या गालाला चिकटला. तो काढावा म्हणून मी हात पुढे केला, आणि गालाच्या स्पर्शावरून मला कळलं.

अठ्ठावीस दिवस. बारसं आम्ही पुढे ढकललं होतं. जरा बाळसं धरू दे, मग करू, असं. त्यामुळे तिला नाव नव्हतं. आई 'बाय' म्हणायची, मी काहीच म्हणायचे नाही, नुसता हुंकार द्यायचे. हे आणि त्यांचे मामा तिला घेऊन गेले. आल्यावर हे म्हणाले, "फॉर्मवर नाव विचारलं. मी नुसतं मुलगी असं लिहिलं." एवढं बोलून ते मोरीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळणा उतरवून सुटा केला आणि माळ्यावर टाकला. स्क्रू एका डबीत जपून ठेवले. ते जपून ठेवणं मला असह्य झालं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. उकाडा आठवतो. रिकामी टोपली आठवते. एका दुपारी आई झोपलेली असताना मी उठून ते घरटं ओढून काढलं, हातांनी त्याच्या काड्या काड्या केल्या आणि कठड्यावरून खाली टाकल्या. त्यात आमच्या घरातलाच सुतळीचा तुकडा होता. बाळाच्या झबल्यातून निघालेला दोराही होता.

बारा-तेरा दिवस झाले असतील. सकाळी नऊचा सुमार. डोंगरातल्या पाड्यावरच्या बायका त्या दिवसांत करवंदं घेऊन खाली उतरायच्या. त्यांतली एक आमच्या फाटकाशी सावलीत बसायची. मंगली तिचं नाव. पाटीत करवंदं, पळसाच्या पानांचे द्रोण, आणि पाठीला झोळीत पोर. ते पोर त्या दिवशी रडायला लागलं. रडलं म्हणजे काय, टाहो फोडला त्यानं. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. कानावर तो आवाज पडला आणि छातीत कळ आली, आतून काहीतरी सुटलं. मी खाली बघितलं तर ब्लाउज दोन्हीकडून भिजलेला.

महिनाभर ज्याच्यासाठी काय काय गिळलं, कुणाकुणाला हात जोडले, ते आता येत होतं. थांबत नव्हतं. मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले.

आईनं पाहिलं. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मला पुन्हा कोणाच्याच तोंडावर दिसलेलं नाही. ती फुलवाल्याकडून मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आली. मोगरा छातीवर बांधला की दूध आटतं म्हणतात. फडक्यात कळ्या पसरून तिनं माझी छाती आवळून बांधली. "आटतला," म्हणाली. "दोन दिसांत आटतला." मी सबंध दिवस मोगऱ्याचा वास घेत पडून राहिले. आजही लग्नाकार्यात कोणी गजरा पुढे केला की मी तो हातात धरते, माळत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पोर परत रडलं. कळ्यांमधून, फडक्यातून दूध बाहेर आलं. मग मी विचार केलाच नाही. पदर घट्ट लपेटून जिना उतरले.

"का रडतोय गं एवढा?" मी विचारलं.

"दूध नाय मला," मंगली म्हणाली. "ताप आलता. तवाधरून आटला." ती करवंदांवरच्या माशा हाकत होती. तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. पाऊस पडला नाही, म्हणावं तसं ती म्हणाली.

"इकडे दे त्याला."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या ओल्या पदराकडे बघितलं. "तुझा कुठंय?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं झोळी सोडली आणि पोर माझ्या हातात दिलं. फाटकामागच्या पायरीवर बसून मी त्याला पदराखाली घेतलं. तो असा काही तुटून पडला की मला ओरडावंसं वाटलं. अंगाला धुराचा, मातीचा वास. एक मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकवलेली. ओढायची कशी ताकद असते जिवंत पोराची, ते मला त्या दिवशी कळलं. आणि माझं सुख झालं का? नाही. एकेका घोटाला मला तिचे ते दोनदा हलून थांबणारे ओठ आठवत होते. मी त्याच्या टाळूकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते.

आणि तेव्हाच माझ्या मनात आलं, मी तरी वेगळं काय केलं? जो ओरडला त्यालाच दिलं. माझ्या अंगानं मला विचारलंसुद्धा नाही. त्या पक्षिणीवर मी इतके दिवस दात धरला होता. तिलाही कोणी विचारलं नसेल. समोर चोच उघडली, आवाज झाला, घास गेला. खालच्या, गप्प राहिलेल्या चोचीसाठी कोणाच्याच अंगात काही हलत नाही काय? हे कोणाला विचारायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

वर मान केली तर आई समोर उभी. गॅलरीतून तिनं सगळं पाहिलं असणार. मला वाटलं, आता बोलेल. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघीजणी कठड्याशी येऊन कुजबुजत होत्याच. "मेलेल्या मुलीचं दूध आहे ते, त्या पोराला बाधेल," असं एक वाक्य माझ्या कानापर्यंत आलं. आईच्या हातात दोन पेले होते. नाचणीची आंबील.

"पाजणारीन उपाशी ऱ्हवचा नाय," ती म्हणाली. "पी." दुसरा पेला तिनं मंगलीपुढे धरला. "तूव घे गो. तापातून उठलस ना?"

मग रोज सकाळी तेच झालं. मंगली यायची, झोळी सोडायची, मी पायरीवर बसायचे, आई आंबील आणायची. पोराचं नाव काय, मी विचारलं नाही. मला नाव कळायला नको होतं. जाताना मंगली एक द्रोण करवंदं पायरीवर ठेवायची, आणि आई ती मुकाट्यानं उचलायची. आठ-दहा दिवसांत पोराच्या मांड्यांना वळी पडायला लागली. दुपारच्या आत मला छाती जड लागायची, सकाळची वाट बघितली जायची. ती वाट बघणं हीच माझी लाज होती. आपलं पोर पुरून महिना झाला नाही, आणि सकाळ व्हावीशी वाटते.

मग करवंदं संपली. आभाळ भरून यायला लागलं. डोंगरावरची वाट निसरडी झाली. एका सकाळी मंगली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पायरीवर बसून राहिले. पाडा नेमका कुठला, हे मी कधी विचारलं नव्हतं. ह्यांना जाऊन बघायला सांगायचं, तर कोणत्या नावानं चौकशी करायची? डोंगरात मंगल्या किती असतील! ते पोर जगलं का, वाढलं का, मला माहीत नाही. आज ते चाळिशीचं असेल, किंवा नसेल.

आई खाली आली. हातात एकच पेला होता. तो तिनं बाजूला ठेवला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "माजी दोन गेली गो. विलासाच्या आधी. एक सात म्हयन्यांचा, देवी येवन. दुसरा धा दिसांचा."

विलास म्हणजे हे. एवढ्या वर्षांत ह्यांनाही तिनं हे सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही 'तो देतो, तो देतो' असं कसं म्हणायचात?" मी विचारलं. मला भांडायचं नव्हतं. मला खरंच हवं होतं उत्तर.

तिनं पेल्यावर बसलेली माशी हाकलली.

"तसा म्हटला नाय," ती म्हणाली, "तर सकाळी चूल पेटवूक हात उठना नाय."

ह्याच्यापलीकडे तिच्याजवळ काही नव्हतं. माझ्याजवळ तर तेवढंही नव्हतं. झाडांकडून, पाखरांकडून माणसानं भरवसा शिकावा म्हणतात. मी सबंध एक उन्हाळा शिकायला बसले होते. पाखरांनी मला त्यांचं होतं तेवढं सगळं दाखवलं, काही लपवलं नाही. देणं चालू असतं, हे मी पाहिलं. ते माझ्यातूनही गेलं. कोणाकडे जायचं, ते माझ्या हाती नव्हतं, आणि ज्याच्या हाती आहे म्हणतात त्यानं मला अजून काही सांगितलेलं नाही.

तीन वर्षांनी मुलगा झाला. धडधाकट. पण तो माझ्या आयुष्याचा वेगळा भाग आहे. ह्या ऋतूत मी त्याला आणत नाही.

त्या दिवशी दुपार होईपर्यंत आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. ऊठ, असं आई एकदाही म्हणाली नाही. पुढचे काही दिवस पोराच्या रडण्याच्या वेळेला छाती भरून यायची, ओली व्हायची, मग नुसती दुखायची. मग तेही गेलं. मुलगी झाली तो दिवस मला आठवतो. गेली तो दिवस आठवतो, तास आठवतो. दूध आटलं तो दिवस मात्र काही केल्या आठवत नाही. कपडे वाळत घालत असेन, नाहीतर भाकऱ्या थापत असेन. कोणी ओरडलं नाही, म्हणून माझं लक्षही गेलं नसेल.